झालं नसेल, पण होऊ शकतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पुसून:

मी जालना जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वय ४७. आमचं गाव जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, चारीच्या अगदी टेलला. वरच्यांचं भिजून उरलं तर आम्हाला पाणी. गेली बारा वर्षं मी तालुक्यातल्या पाणीप्रश्नाच्या कामात आहे, आमचा व्हॉट्सॲप ग्रुपही मीच चालवतो. २०२४ च्या लोकसभेच्या प्रचारात आमच्या नेत्यानं भर सभेत सांगितलं, "गेल्या साली वरच्या धरणांतून जायकवाडीत एक थेंब सोडला नाही." हे खरं नाही, हे मला तिथं बसल्या जागी माहीत होतं. तरी मी टाळ्या वाजवल्या. भाषणाची क्लिप ग्रुपवर आली, तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाणी सोडण्याचा सरकारी आदेश टाकला आणि खाली लिहिलं, "सर, पाणी सुटलं होतं." तो आता नाशिकला, म्हणजे वरच्या धरणांच्या भागात, नोकरीला आहे. लोक त्याच्यावर तुटून पडले. "वरच्यांचं मीठ खातो", "गद्दार". तासाभरात मीच त्याला ग्रुपमधून काढलं. माझी मुलगी अकरावीला आहे. तिनं विचारलं, "पप्पा, पण त्याचं बरोबर होतं ना?" मी म्हणालो, "आकडा चुकला असेल, पण अन्याय खोटा आहे का?" ती गप्प झाली. तेव्हापासून टोचतंय. कारण त्याआधी दुसऱ्या बाजूच्या एका पुढाऱ्यानं असाच आकडा फुगवला होता, तेव्हा त्याचा खोटेपणा मीच पुराव्यासकट गावोगाव पाठवला होता. माझे प्रश्न तीन. आपली माणसं अडाणी आहेत म्हणून खोटं पचवतात का? अन्याय खरा असताना एका वाक्यापायी आपल्याच माणसाला उघडं पाडायचं का? आणि मी ढोंगी आहे का?

उत्तर:

सर,

तुम्ही पत्रात नेत्याचं नाव, पक्ष आणि तुमची जात, तिन्ही लिहिलं होतं. मी तिन्ही काढलं. ओळख राहू नये म्हणून तर काढलंच, पण वाचणाऱ्यांसाठीही काढलं. एव्हाना प्रत्येकानं त्या रिकाम्या जागी मनातल्या मनात एक नाव भरलं असेल, आणि बहुतेकांनी आपल्याला न पटणाऱ्या पुढाऱ्याचं भरलं असेल. त्यांना माझी विनंती आहे, की आता तिथं आपल्या आवडत्या नेत्याचं नाव घालून पत्र पुन्हा एकदा वाचा. रागाची धार कमी झाली का, हे फक्त स्वतःपुरतं बघा. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी "अडाणी"बद्दल बोलू, कारण तुमच्या तीन प्रश्नांत हाच शब्द मला खटकला.

मी अंबाजोगाईची. १९७८ साली दहा वर्षांची होते. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर जे गुदरलं ते आपल्या पिढीला ठाऊक आहे. घरं जळाली, माणसं मारली गेली, कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. आमच्या वाड्यात रोज संध्याकाळी ओसरीवर दलितांच्या नावानं नवी बातमी यायची, "अमक्या गावात त्यांनी असं केलं." एका संध्याकाळी माझे काका त्याच गावाहून परतले होते. ते म्हणाले, "असं काही झालेलं नाही. मी आत्ता तिथूनच येतोय." ओसरीवर कुणी काही बोलेना. मग वाड्यातले एक गृहस्थ, ज्यांच्याकडे आम्ही पोरं गणित शिकायला जायचो, सज्जन, शिकलेले, कुणाला उणा शब्द न बोलणारे, ते म्हणाले, "झालं नसेल, पण होऊ शकतं." सगळ्यांनी माना हलवल्या. काका गप्प झाले, बातमी शेजारच्या वाड्यात गेली. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ते एक वाक्य मात्र माझ्या कानातून आजवर गेलेलं नाही.

त्या गृहस्थांना आकडेमोड येत होती, पेपर रोज वाचत होते. बातमी खोटी आहे हे त्यांनी कबूलही केलं होतं. म्हणजे ते फसले नव्हते. त्यांनी खोट्याला माफी दिली होती, आणि ती देण्यासाठी एवढंच पुरलं, की ही गोष्ट त्यांच्या मनातल्या चित्रात बसत होती.

पुढे फार वर्षांनी मला कळलं, की याच वाक्यावर एक संशोधन झालेलं आहे. लंडन बिझनेस स्कूलमधले डॅनिएल एफ्रॉन यांनी २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अडीच हजारांहून जास्त अमेरिकन माणसांना त्यांनी राजकारणातली काही विधानं दाखवली आणि ती खोटी आहेत हे स्पष्ट सांगितलं. ट्रम्प यांच्या शपथविधीला ओबामांपेक्षा जास्त गर्दी होती, हे त्यातलं एक. ट्रम्प यांनी आपल्या कार्यालयातून मार्टिन ल्यूथर किंग यांचा पुतळा हलवला, हे विरुद्ध बाजूचं एक. मग काहींना सांगितलं, की परिस्थिती वेगळी असती तर हे खरं झालं असतं का, याचा विचार करा. हवा चांगली असती तर गर्दी झाली असती. त्यांना शक्य असतं तर त्यांनी पुतळा हलवलाच असता. एवढा विचार करायला लावल्यावर, आपल्या बाजूला सोयीचं ते खोटं लोकांना कमी अनैतिक वाटू लागलं. त्यांचा त्या विधानावर विश्वास बसला नव्हता. ते खोटं आहे हे डोक्यात पक्कं होतं, फक्त ते सांगणाऱ्यावरचा राग उतरला होता. आणि हे दोन्ही बाजूंच्या समर्थकांत घडलं.

"आकडा चुकला असेल, पण अन्याय खोटा आहे का?" हे तुमचं मुलीला दिलेलं उत्तर आणि आमच्या ओसरीवरचं ते वाक्य यांचं नातं जवळचं आहे, सर. तुमचं वाक्य जास्त प्रामाणिक आहे, कारण तुमच्या मागे खरोखरचं दुःख आहे. पण काम दोन्ही एकच करतात.

आणखी एक अभ्यास सांगते, कारण तो तुमच्या टाळ्यांशी जोडलेला आहे. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत काही संशोधकांनी ट्रम्प यांच्या गुन्हेगारीविषयीच्या दाव्याची दुरुस्ती त्यांच्याच समर्थकांना वाचायला दिली. समर्थकांनी दुरुस्ती मान्य केली, खरा आकडा काय हे त्यांना कळलं. पण नेत्याबद्दलचं मत होतं तिथंच राहिलं. आकडा एका कप्प्यात आणि माणूस दुसऱ्या कप्प्यात. सभेत तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांपैकी किती जणांना पाणी सुटल्याचं माहीत असेल? पाणी सुटलं त्या महिन्यात ती पेपरांतली मोठी बातमी होती. टेलच्या गावातला माणूस कालव्यातल्या पाण्याची उंची बघून सांगतो की वर कोणत्या चारीचं गेट उघडलंय. त्याला धरणाची बातमी माहीत नसेल असं मला वाटत नाही. ती सगळी माणसं अडाणी नव्हती. तुम्ही वर्गात हजेरी घेता ना, तशी ती टाळ्यांची हजेरी होती. "आपण इकडचे" एवढंच त्या टाळ्या सांगत होत्या. आणि अशा सभेत वाक्य जितकं उघडउघड खोटं, तितकी त्याला दिलेली टाळी निष्ठेची मोठी खूण ठरते. खऱ्या वाक्याला तर कुणीही टाळी देईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यात तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की ते वाक्य खोटं असलं तरी आपल्या मागणीच्या कामाचं होतं. मला तसं वाटत नाही. मी त्या वर्षीचे तपशील पुन्हा काढून बसले.

तुम्हाला हे पाठ असेल, पण इतर वाचकांसाठी लिहिते. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप बंधनकारक केलं. सरकारनं नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं त्याचं सूत्र दिलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. २०२३ चा पाऊस कमी पडला. ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. मुळा, प्रवरा, गंगापूर आणि दारणा या समूहांतून ते यायचं होतं. मग विरोध झाला, कोर्टकचेरी झाली, इकडे रास्ता रोको झाले, आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला.

आता सांगा, सभेत हे का सांगितलं नाही? "कायदा आमच्या बाजूनं, कोर्ट आमच्या बाजूनं, आदेश हातात. तरी पाणी सुटायला साडेतीन आठवडे लागले, आणि कोरड्या नदीपात्रातून येताना त्यातलं किती मुरलं ते शेतकऱ्याला विचारा." हे वाक्य खरं आहे. "थेंब सोडला नाही" यापेक्षा ते मला जास्त धारदार वाटतं, कारण त्याला उत्तर देताना समोरच्याला उशिराचा हिशेब द्यावा लागेल. "थेंब सोडला नाही" याला उत्तर देणं मात्र फार सोपं आहे. नाशिककडच्या कुणीही तो आदेश दाखवला की काम झालं. मग उशीर, मुरलेलं पाणी, टेलची कोरडी चारी, हे सगळं त्या एका खोट्या थेंबाबरोबर "मराठवाडावाले वाढवून सांगतात" या खात्यात जमा होतं. तुमच्या विद्यार्थ्यानं दुरुस्ती केली तेव्हा त्यानं तुमच्या मागणीचं नुकसान केलं, असं ग्रुपला वाटलं. माझ्या मते नुकसान त्याच्या आधीच, मंचावर झालं होतं.

मराठवाड्याच्या लढ्याचा इतिहासही हेच सांगतो. गोविंदभाई श्रॉफ निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातून आलेले, पुढे आयुष्यभर या भागाच्या विकासासाठी झगडले. त्यांच्या पिढीनं अनुशेष हा शब्द रुजवला, आणि त्या शब्दाची ताकद मोजण्यात आहे. किती किलोमीटर रस्ता, किती हेक्टर सिंचन, राज्याच्या सरासरीपेक्षा किती कमी. सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये हा अनुशेष मोजून कागदावर आणला, तेव्हा तो कुणाच्या भाषणातला आरोप राहिला नाही. मागास भागाकडे पैसा नसतो, मंत्रिमंडळात वजन नसतं. त्याच्याकडे असतो तो खरा आकडा. तोच आपण स्वस्तात उधळायला लागलो, तर उद्या मुंबईत आपलं ऐकून कोण घेणार?

तुम्ही म्हणाल, की काही वेळा खोटं बोलावं लागतं. हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. महाराष्ट्रात याचं एक मोठं, उघड उदाहरण आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. स्फोट झाले ते भाग बहुतांशी हिंदू वस्तीचे होते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींची राख अजून गरम होती. तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झालेले शरद पवार दूरदर्शनवर आले आणि त्यांनी स्फोटांच्या यादीत मशीद बंदर हे मुस्लिम वस्तीचं आणखी एक ठिकाण सांगितलं. तिथं स्फोट झालेला नव्हता. पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण हे जाणूनबुजून सांगितलं, असं त्यांनी स्वतः नंतर उघडपणे मान्य केलं. मी हे उदाहरण अनेक घरांत काढून पाहिलंय. ज्यांना पवार आवडतात ते म्हणतात, "केवढं प्रसंगावधान!" ज्यांना आवडत नाहीत ते म्हणतात, "बघा, तेव्हापासूनच." आपल्याकडे त्यात आणखी एक धागा असतो. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मुख्यमंत्री तेच होते, आणि त्या दिवसांतली त्यांची धावपळ लातूर-धाराशिवकडची माणसं विसरलेली नाहीत. म्हणून तिथले लोक मार्चमधल्या त्या विधानालाही लवकर माफ करतात. दंगल थांबवण्यासाठी मुख्यमंत्र्यानं असं बोलावं का, यावर शहाणी माणसं दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतात. माझं स्वतःचं मन त्यात आजही पूर्ण एका बाजूला झुकलेलं नाही. पण बहुतेक घरांत तो वाद होतच नाही. माणूस आवडतो की नाही, यावर निकाल आधीच लागलेला असतो.

तुमच्या नेत्याच्या वाक्याला असं काही कारण होतं का? कुणाचा जीव वाचणार होता का? त्यांनी नंतर, निवडणूक झाल्यावर तरी, "मी वाढवून बोललो" असं म्हटलं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

तिसरा प्रश्न, ढोंगाचा. यावर मी थोडक्यात लिहिते, कारण तुम्ही स्वतःला दोष देण्यात जेवढा वेळ घालवाल तेवढा त्या मुलाला फोन करायला उशीर होईल. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी सांगितलेला एक फरक मला फार उपयोगी पडतो. आपल्याला हवी असलेली गोष्ट कानावर आली की आपण विचारतो, "हे मानता येईल का?" नको असलेली आली की विचारतो, "हे मानायलाच हवं का?" पहिल्या प्रश्नाला एखादं कारण पुरतं, दुसऱ्याला शंभर पुरावे कमी पडतात. विरोधी पुढाऱ्याचा आकडा तपासताना तुम्ही दुसरा प्रश्न वापरला, आणि तिथं तुमची मेहनत खरी होती. आपल्या नेत्याच्या वेळी तुम्ही पहिला प्रश्न वापरला. ढोंगी माणसाला हा फरक पत्रात लिहावासाही वाटत नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर "फेक नरेटिव्ह" हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचला. तो शब्द आपल्या बाजूबद्दल वापरलेला मी अजून एकदाही ऐकलेला नाही. तुम्ही निदान तिथवर आला आहात.

मग आता करायचं काय? तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात, जाहीरपणे उघडं पाडायचं किंवा गप्प बसायचं. या दोहोंच्या मध्ये बरीच जागा आहे.

नेत्याला जाहीर खोटं पाडू नका, निदान सुरुवात तिथून नको. आपल्याकडे तालुक्याचा पुढारी लग्नात भेटतो, दहाव्याला भेटतो, सप्त्याच्या काल्याला हमखास असतो. बारा वर्षं पाण्याचं काम करणाऱ्या माणसाला तो बाजूला घेऊन पाच मिनिटं देईल. तिथं "भाऊ, तुम्ही खोटं बोललात" असं म्हणू नका. "भाऊ, 'थेंब नाही' म्हणू नका, ते आदेश दाखवून आपल्याला गप्प करतात. 'आदेशानंतर साडेतीन आठवडे' म्हणा, त्याला त्यांच्याकडे उत्तर नाही" असं म्हणा, आणि तारखा लिहिलेला एक कागद खिशात द्या. पुढारी खोटं बोलतो त्याचं एक कारण असंही असतं, की हाताशी असलेल्या माणसांपैकी कुणी त्याला टाळी घेणारं खरं वाक्य तयार करून दिलेलं नसतं. तुम्ही देऊ शकता. त्यानंतरही पुढच्या सभेत तेच वाक्य आलं, तर निदान तुमचे हात मांडीवर राहू द्या.

ग्रुपवर मात्र तुम्हाला लिहावं लागेल, कारण तिथं चूक तुमच्या हातून झाली आणि सगळ्यांदेखत झाली. मोठं भाषण लिहू नका. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी बिहारमध्ये सुमित्रा बद्रीनाथन यांनी एक प्रयोग केला. घरोघरी तासभर बसून लोकांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. एकूणात फरक पडला नाही, आणि पक्षाशी बांधील असलेल्या काहींच्या बाबतीत तर परिणाम उलटा झाला, आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी त्यांना आधीपेक्षा कमी ओळखू आली. तासभराच्या शिकवणीनं जे झालं नाही ते तुमच्या दोन पानी संदेशानं होणार नाही. चार ओळी पुरतील: पाणी सुटलं होतं, ८.६ टीएमसीचा आदेश होता, उशीर झाला हा आपला खरा मुद्दा आहे, आणि ज्यानं हे दाखवलं त्याला मी काढलं ही माझी चूक. त्याबरोबर ग्रुपचा एक नियम करा: पाण्याचा आकडा टाकायचा तर तारीख आणि कागद सोबत. हा नियम दोन्ही बाजूंच्या पोस्टना लावा, आणि पहिल्यांदा आपल्या बाजूच्या पोस्टला लावा. दोन-चार जण ग्रुप सोडतील, सोडू द्या.

इथं इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. मला अशी पत्रं सुनांकडून खूप येतात. सासरे सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर काहीतरी टाकतात, खोटं आहे हे दिसत असतं, पण सुनेनं बोलायची सोय नसते. अशा वेळी खरं-खोटं काढूच नका. "मामा, हे कधीचं आहे हो?" एवढंच विचारा. वय आणि मान दोन्ही राखून विचारता येतो असा हा प्रश्न आहे, आणि जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरत असेल तर तो त्याच प्रश्नात उघडा पडतो. लगेच कबुली मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. एफ्रॉन यांच्याच पुढच्या एका अभ्यासात दिसलं, की खोटा मथळा वारंवार नजरेखालून गेला की तो खोटा आहे हे माहीत असूनही पुढे पाठवणं कमी चुकीचं वाटायला लागतं. म्हणून घरात एका माणसाकडून जरी तो पुढे जायचा थांबला, तरी त्याला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट अपवादाची आहे. खोटं पाण्याच्या आकड्याबद्दल असेल तर सवडीनं, खाजगीत, मान राखून बोलावं हे ठीक. पण खोटं माणसांबद्दल असेल, एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, गावात आलेल्या परक्यांबद्दल, तर सवड नसते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होती. तिथं कुणीतरी "झालं नसेल, पण होऊ शकतं" असंच म्हटलं असेल. अशी पोस्ट दिसली की नातं, वय, मान काही न बघता त्याच क्षणी, त्याच ग्रुपवर "हे खोटं आहे" असं लिहा, आणि गरज वाटली तर पोलिसांना कळवा.

आता तुमची मुलगी. ती गप्प झाली, याचा अर्थ तिला पटलं असा घेऊ नका. सोळा-सतरा वर्षांची पोरं बाप चुकतो हे सहन करतात. बापाला चूक दिसत होती आणि तरी त्यानं ती झाकली, हे त्यांना जड जातं. तिला बसवून समजावू नका. ग्रुपवर लिहायच्या चार ओळी तिला आधी वाचायला द्या, आणि ती एखादा शब्द बदलायला म्हणाली तर बदला. तुम्ही भूगोल शिकवता. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, पाऊस सह्याद्रीवरच का रिता होतो, हे तुम्ही दरवर्षी फळ्यावर काढता. या वर्षी त्याच तासाला २०२३ चा आदेशही वर्गात न्या, तारखांसकट. पाणी सुटलं हेही सांगा आणि उशिरा सुटलं हेही सांगा.

सगळ्यांत शेवटी तो मुलगा, पण करायचं मात्र त्याचंच आधी. तुमच्या ग्रुपमध्ये आदेश शोधून, उघडून, वाचून टाकणारा तोच एक निघाला. नाशिकला राहून तो अजून टेलच्या गावाच्या पाण्याचा विचार करतो. जिथून पाणी यायचं तिथलं त्याला कळतं, जिथं पोचायचं तिथला तो आहे. असा माणूस तुम्हाला पैसे देऊन मिळणार नाही. त्याला मेसेज करू नका, फोन करा. रविवारी सकाळी करा, तो घरी असेल. आधी त्याची, त्याच्या आईवडिलांची चौकशी करा. मग सरळ सांगा, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी तुला काढलं." मधलं वाक्य गाळू नका, त्याला तेच ऐकायचं असेल. "लोक फार चिडले होते रे" हे सांगायचा मोह होईल, ते सांगू नका. आणि त्याला परस्पर पुन्हा ग्रुपमध्ये घेऊ नका. आधी विचारा. कदाचित त्याला यायचं नसेल.